पासची चिठ्ठी

धाकटे,

काल तू म्हणालीस, "ताई, माझं शरीरच कामचुकार! कॅन्सर दिसलाच नाही त्याला."

मी डॉक्टरांना विचारलं. म्हणाले, रक्तातल्या पहारेकरी पेशी दिवसरात्र तपासत असतात, रोगट पेशी दिसली की मारतात. पण गाठ लबाड! अंगावर "आपलीच आहे" अशी खूण मिरवते, मग त्या हात आवरतात. तुझं औषध ती खूण झाकतं, की त्याच पेशी पुन्हा कामाला भिडतात. केवढ्या गुणी गं त्या!

मला आपला शिलाई कारखाना आठवला. तू तिथं तयार कपडे तपासायचीस. फाटक्या सदऱ्यांवर कुणीतरी आधीच "पास"ची चिठ्ठी लावली होती, म्हणून तू ते पुढे जाऊ दिलेस. आणि मी सगळ्यांदेखत तुला कामचुकार म्हटलं.

पेशी कामचुकार नाहीत. तूही नव्हतीस. हे तोंडावर सांगायला हवं, म्हणून पत्र न पाठवता पिशवीतच ठेवून तुझ्याकडे निघालेय.

तुझी फटकळ ताई