पावडर फक्त पहिल्या शेडला

४ सप्टेंबर, सोमवार

आज पुन्हा तेच. पहिल्या शेडमध्ये नऊ अंडी हातात घेताच फुटली — टरफल कसलं, नुसता पापुद्रा! पिंजऱ्यांखाली शीट पाण्यासारखी. वास केसांत बसतो, दोनदा धुऊनही जात नाही. दोन शेड, तीनशे-तीनशे कोंबड्या, सगळ्या अठ्ठ्याहत्तर आठवड्यांच्या. खातात पोटभर, अंगी काही लागत नाही.

भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, दारातूनच बघून गेले. नाकाला रुमाल. आत पाऊल टाकत नाहीत, पण निकाल द्यायला सगळ्यांच्या पुढे! म्हणाले, वहिनी, म्हाताऱ्या झाल्या, देऊन टाका आता. शेड रिकाम्या झाल्या की तिथे त्यांच्या फर्निचरचं गोदाम. आणि मी? मी स्वयंपाकघरात, आठ माणसांच्या दिमतीला, सकाळपासून दिवे लागेपर्यंत. ह्या शेड मी बारा वर्षांपूर्वी काढल्या, त्या स्वयंपाकाच्या ओट्यापासून चार तास सुटका मिळावी म्हणून. हे कुणाला सांगणार? म्हणून इथे.

ह्यांना फोन केला. ट्रक कुठेतरी रस्त्याकडेला लावून जेवत होते. "तुम्ही दोघं ठरवा," म्हणाले. लग्नापासून हे एवढंच ठरवत आलेत.

६ सप्टेंबर

जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या. सकाळी मेलेली कोंबडी फाडून आतडं दाखवलं — पातळ, फिकट, आतून बुळबुळीत. वय झालं की आतड्याला शोषून घेणं जमत नाही म्हणाल्या. खाद्यातला चुनासुद्धा तसाच खाली जातो, मग टरफलाला राहणार काय? त्यांनी एक पावडर दिलीय. पोटाला उपकारक जंतू असतात त्यात, थोडं यीस्ट. खाद्यात मिसळायची. पोट सुधारलं तर ह्याच कोंबड्या अजून पंधरा-वीस आठवडे नीट अंडी देतील.

पण एक बजावून गेल्या. पावडर एकाच शेडला द्या, दुसरी आहे तशी ठेवा. नाहीतर फरक पावडरीने पडला की हवेने, कधीच कळणार नाही.

भाऊजींनी नेमकं तेवढंच उचललं. जागा घरची, त्यामुळे शब्द त्यांचा. पाच आठवडे. पहिली शेड दुसरीपेक्षा सरस ठरली तर कोंबड्या राहतील. नाही ठरली तर खाटकाची लॉरी. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार!

८ सप्टेंबर

आज अप्पा, सासरे, आपणहून म्हणाले, दुसऱ्या शेडचं खाणं मी घालत जाईन. बरं वाटलं. चौऱ्याहत्तर वय, पण हात अजून थरथरत नाही.

अप्पा एकोणचाळीस वर्षं एका वसतिगृहाच्या भोजनगृहात वाढपी होते. जादा पैसे भरणाऱ्या मुलांना घट्ट रस्सा आणि बाकीच्यांना वरचं पाणी वाढायला व्यवस्थापकाने सांगितलं, तेव्हा म्हणे पळी खाली ठेवून घरी निघून आले. तीन दिवसांनी तोच व्यवस्थापक बोलवायला आला. ही गोष्ट मी निदान पन्नास वेळा ऐकलीय. घरीसुद्धा बिस्किट मोडलं तर दोन्ही तुकडे शेजारी ठेवून बघतात.

त्यांना नीट समजावलं. निळं पिंप पहिल्या शेडचं, त्यात पावडर. पांढरं दुसऱ्या शेडचं, त्यात साधं खाद्य. त्यांनी विचारलं, "दुसऱ्यांनी काय घोडं मारलंय?" मी म्हटलं, तपासायचंय अप्पा, डॉक्टरांनीच सांगितलंय. त्यांनी दोन्ही पिंपांची झाकणं उघडून बघितली. मग मान हलवली. पटलं म्हणायचं.

१० सप्टेंबर

सुरुवात. संध्याकाळीच दोन्ही पिंपं भरून ठेवते, चार-चार बादल्या. निळ्यात पावडर मिसळायला अर्धा तास लागतो. खाली वाकून, कोपरापर्यंत हात घालून. अंडी पहिलीत १९८, दुसरीत २०१.

१४ सप्टेंबर

कंबर गेली. बाकी काही नाही.

१९ सप्टेंबर

पिंजऱ्यांखाली जुनी वर्तमानपत्रं पसरून शीट बघते. पातळ किती, गोळी धरलेली किती. जाऊबाई म्हणाल्या, जेवणाआधी हात घासून या हं! मी काय तशीच येणार होते?

पहिली शेड किंचित बरी. किंचितच.

२५ सप्टेंबर

फरक पडतोय! पहिलीत आज निम्मी शीट घट्ट. फुटकी अंडी तीन. तुरे लालसर दिसताहेत. दुपारी डॉक्टरीणबाईंना फोन केला, म्हणाल्या, चांगलं आहे, पण मला ह्याहून जास्त अपेक्षा होती. माप बरोबर घालताय ना? घालते म्हटलं. चमचा सपाट करून घालते!

मग दुसऱ्या शेडमध्ये गेले. तिथेही घट्ट. फुटकी अंडी तीन. मला काही सुधरेना. अप्पा पन्हळीत खाद्य सारखं करत होते, बोटांनी, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. खुशीत होते. ह्यांना आता भूक लागते बघ, म्हणाले.

२ ऑक्टोबर

पावडरीचा आंबूस वास आता मला सगळीकडे येतो. उशीला, चहाला, परवा तर अप्पांच्या सदऱ्याच्या बाहीलाही आला. डोकं फिरायची वेळ आलीय.

आज मला शेडमधून यायला तीन वाजले. सगळ्यांची जेवणं आटोपलेली. ओट्यावर माझं ताट झाकून ठेवलेलं होतं. ह्या घरात माझं ताट झाकून ठेवणारं एकच माणूस आहे आणि त्याने ते कधी बोलून दाखवलं नाही. भाजी सगळ्यांना मिळाली तेवढीच. ना कमी, ना जास्त.

८ ऑक्टोबर

आज दुसऱ्या शेडमध्ये उभी राहून मनात म्हटलं, बायांनो, बिघडा गं जरा! एक आठवडा तरी बिघडा!

मग इतकी लाज वाटली. मुक्या जिवांचं वाईट चिंतायची पाळी आली माझ्यावर. त्यांना नीट पाणी पाजून बाहेर आले.

१५ ऑक्टोबर

पाच आठवडे झाले. पहिली शेड २१९. दुसरी २२०.

दोनशे वीस! साध्या खाद्यावर! भाऊजींनी दोन्ही आकडे मोठ्याने वाचले, दोनदा. वाईट बोलले नाहीत, उलट समजुतीने बोलले, त्यानेच जास्त लागलं. "हवा गार झाली, वहिनी. त्याने सुधारल्या. पावडरीचं काही नाही. ही चार दिवसांची तरतरी आहे, परत उतरतील."

भांडणार कशी? अट मीच मान्य केली होती. डॉक्टरीणबाईही म्हणाल्या, आकड्यांपुढे मी काय बोलू? लॉरी २७ ला येणार. लॉरीवाल्याचा नंबर भाऊजींनी माझ्याच फोनमध्ये घालून दिला, वेळ तुम्ही ठरवा म्हणून. केवढा हा मान!

पावडर बंद केली. उरलेली पिशवी बांधून फळीवर टाकली. अप्पांना काय सांगायचं, परवा सांगू.

१९ ऑक्टोबर

भाऊजी टेप घेऊन शेडची लांबी-रुंदी मोजत होते. आज आत आले. रुमाल नव्हता.

२१ ऑक्टोबर

अप्पांना लॉरीचं अजून सांगितलेलं नाही. जीभ रेटत नाही. ते रोज पहाटे माझ्या आधी उठून शेडकडे जातात.

२४ ऑक्टोबर

शीट पुन्हा पातळ. दोन्हीकडे. पहिलीचं समजू शकते, पावडर बंद झाली. दुसरीला काय धाड भरली? तिचं तर काहीच बदललं नाही! एरवी ह्यावर तासभर काथ्याकूट केला असता. आता तीन दिवसांसाठी कशाला. कळून तरी काय करायचंय.

स्वयंपाकघरात जाऊबाईंनी मला डब्यांच्या जागा दाखवल्या. नव्या सुनेला दाखवतात तशा.

२६ ऑक्टोबर, गुरुवार

दुपारी खाद्याच्या खोलीत गेले तर अप्पा निळ्या पिंपात हात घालून उभे. मूठभर खाद्य नाकाशी धरलं, परत टाकलं.

"पोरी, पावडर घालायला विसरतेस का गं? दहा-बारा दिवस झाले, ह्यात काही नाहीच. माझ्या पंगतीची पोटं परत बिघडली."

मी म्हटलं, अप्पा, तुमच्या शेडला पावडर कधी होती?

रोज पहाटे. दोन बादल्या निळ्यातून पांढऱ्यात, दोन पांढऱ्यातून निळ्यात. पहिल्या दिवसापासून. लपवलं वगैरे काही नाही, मी विचारलंच नव्हतं. "एका छपराखाली वेगवेगळं वाढायचं? मला नाही जमलं कधी."

पाच आठवडे दोन्ही शेड अर्ध्या मापावर होत्या. अर्ध्या!

हसू आलं की रडू, ठाऊक नाही. पिंपाच्या काठाला धरून खाली बसले. अप्पा घाबरले, पाणी आणायला धावले.

लॉरीवाल्याला फोन केला. उद्या येऊ नका म्हटलं. त्याने विचारलं, साहेबांना विचारलंत का? मी म्हटलं, कोंबड्या माझ्या आहेत.

दोन्ही पिंपांत पावडर मिसळली. पूर्ण माप. अप्पांनी चमचा सपाट करून दिला.

भाऊजी सहाला घरी येतात.