अर्ध्या घाटातलं टायमिंग

बागियो, १३ ऑक्टोबर १९८६

ती. मनोंग पिलो यांस,
तुझा हात कपाळाला लावून वि. वि.

गाडी काल नागिलियनच्या घाटात, दाट धुक्यात बंद पडली आणि आत ननांग होती, आपली म्हातारी आई. मी तिखटमीठ लावतोय असं वाटलं तर तुमच्या बाउआंगच्या मेल्चोर कंडक्टरला विचार. त्यानेच तिला बसमध्ये घेऊन घरी पोचवलं. बसमध्ये तिला नेहमीप्रमाणे उलटी झाली, मेल्चोरच्या टोपीत.

महिनाभर तुझ्याकडे, महिनाभर माझ्याकडे, आई आणि गाडी दोघी एकत्रच जातील, असं आपले वडील, ततांग, गेल्यावर आपण ठरवलं होतं. पण तू दर वेळी खाली समुद्रकाठी इंजिनच्या ठिणगीचं टायमिंग मागे ओढून गाडी माझ्या हवाली करतोस. चढावर तिच्यात जीवच राहत नाही. थोरला असलास तरी ही तुझी मासेमारीची बोट नाही, मनोंग. मी आज टायमिंग पुढे घेतलं, लगेच पळायला लागली. तरी ननांगला आता या गाडीत बसवणार नाही, बस तिला सोसत नाही. तेव्हा एक नोव्हेंबरला, गेलेल्यांच्या दिवशी, ततांगसाठी मेणबत्ती ती इथल्या चर्चमध्येच लावेल. पुढेही इथेच राहील.

लोभ असावा, यंदा थोडा कमी असला तरी चालेल.

तुझा,
डेन्सो

*

बाउआंग, १७ ऑक्टोबर

चि. डेन्सो यास अनेक आशीर्वाद.

मेल्चोर भेटला. सगळं खरं आहे म्हणाला, टोपीसुद्धा.

आता माझं ऐक. तुझ्याकडून गाडी खाली आली की इंजिनात कुणी हातोडी घेऊन बसलंय असं वाटतं. टायमिंग मागे घेतलं नाही तर पिस्टन फुटायचे. खाणीच्या वर्कशॉपात एवढी वर्षं काय फक्त चहा केलास? आणि ते धुक्यासाठीचे पिवळे दिवे बसवताना बॉनेटखाली काय काय कापलंस, तेही एकदा बघ.

ननांगने आजवर एकाही नोव्हेंबरला ततांगच्या इथल्या थडग्यापाशी बसणं चुकवलेलं नाही. तुझ्या वहिनीने थडग्याला चुना दिला, केळीच्या पानातल्या सुमानसाठी तांदूळ आणून ठेवला. तू ठरवून मोकळा झालास, पण तिला विचारलंस का? गाडी नको असेल तर विकू. आईला पाठव. तिला आणायची काळजी मला रात्रंदिवस लागली आहे.

मुलांना आशीर्वाद. राग धरू नकोस, धरलास तर गाडीवर धर.

पिलो

*

बागियो, २१ ऑक्टोबर

चि. पिलोस आशीर्वाद.

मी सांगते आहे, डेन्सोची मुलगी रोसिंग लिहिते आहे. तुझ्या भावाला तोंडाने सांगितलेलं ऐकू येत नाही, म्हणून हेच पत्र त्यालाही वाचून दाखवणार आहे.

तुम्ही गाडी एकेक महिना हाकता, मी प्रत्येक फेरीला आत असते. उतरताना अर्ध्या घाटात बुर्गोसला कोराच्या खानावळीपर्यंत गाडी गुणी असते. पुढे सपाटीला जोर दिला की ठोकायला लागते. चढताना पुन्हा कोरापर्यंत गुणी, पुढे धापा टाकते. वर आले की मलाही धाप लागते, पण माझे स्क्रू कुणी पिळत बसत नाही. दुसरं, त्या दिवशी डेन्सोने पिवळे दिवे लावले, समोरून ट्रक आला म्हणून भोंगा दाबला, आणि त्याच क्षणी गाडी बंद पडली.

मी ततांगकडे जाणार. गाडी नसेल तर चालत. हे रोसिंगकडून दोनदा लिहवून घेतलं होतं, तिने एकदाच लिहिलं.

तुमची ननांग

*

बागियो, २६ ऑक्टोबर

ती. मनोंग यांस,
हात कपाळाला लावून वि. वि.

ननांगचं पत्र ऐकून बॉनेट उघडलं. ठिणगी देणाऱ्या कॉइलला जाणाऱ्या तारेला तीन ठिकाणी सोलून जोड दिलेले निघाले. एक माझ्या दिव्यांचा, एक तुझ्या भोंग्याचा. तिसरा जुना, कापडी टेप गुंडाळलेला. ननांग म्हणाली, तो ततांगच्या रेडिओचा. किल्लीबरोबर चालू होणारी हीच तार तिघांच्या हाताला लागली होती. दिवे आणि भोंगा एकदम चालू झाले की कॉइल उपाशी, मग ठिणगी कुठून येणार? आता दोन्हींना बॅटरीपासून फ्यूज घालून वेगळ्या तारा दिल्या. रेडिओ काढून टाकणार होतो. ननांग म्हणाली, दिवे काढ. मग त्यालाही वेगळी तार दिली.

टायमिंगचं म्हणशील तर वर हवा विरळ, कार्ब्युरेटरमध्ये शिरते तीही विरळच, म्हणून पेट्रोल सावकाश जळतं आणि ठिणगी लवकर, म्हणजे पुढे घ्यावी लागते. खाली तीच ठोकते. तुझंही बरोबर होतं, माझंही, आपापल्या दारापुरतं. टायमिंग जिथे फिरवतो त्या डिस्ट्रिब्युटरवर दोन खुणा रंगवल्या आहेत, वरची पांढरी आणि खालची लाल. पांढरी मी इंजिन ऐकून लावली. लाल अंदाजाने आहे, ती तूच ऐकून पक्की कर.

एकतीस तारखेला सकाळी आम्ही निघतो. तू मेल्चोरच्या बसने कोराच्या खानावळीपर्यंत वर ये. तिथे पांढरीवरून लालवर घ्यायला बारा नंबरचा पाना आण, माझा तुझ्याकडेच राहिला आहे. मेल्चोरसाठी टोपी घेतली आहे. तिथून खाली गाडी तू चालव, ननांग महिनाभर तुमच्याकडे राहील. मी थडग्याला हात लावून बसने परतेन.

ननांगचं म्हणणं, तुम्ही दोघं बॉनेटखाली वाकून भांडा, तोवर मी आत बसून ततांगचा रेडिओ ऐकेन.

लोभ होताच, तसाच राहू दे.

तुझा,
डेन्सो