कल्हईवाल्यांची खाण

६ ऑक्टोबर १९८५, रविवार

होकार दिला सासऱ्यांनी! आता दिवाळीपर्यंत माझी काही धडगत नाही.

विवेक आणि कांचन जेवायला आले होते, बाळाला घेऊन. विवेक यंदा इथल्या मराठी मंडळाचा सेक्रेटरी. मसालेभाताची दुसरी वाढ घेता घेता म्हणाला, अण्णा, सोळा नोव्हेंबरच्या दिवाळी प्रोग्रॅमला तुम्ही बोला ना, तुमच्या त्या मलायातल्या खाणीबद्दल. अण्णांनी आधी नाही-नाही केलं, पण मला कळलंच होतं. आमटी वाढत होते तर त्यांचं लक्ष ताटात नव्हतं. मनात भाषण सुरू झालेलं!

ती गोष्ट मी या घरात लग्न होऊन आल्यापासून ऐकतेय. अण्णांचे वडील त्र्यंबक आणि धाकटे काका श्रीराम. चिपळूणचे तांबट. गावोगाव भाता घेऊन कल्हई करत हिंडायचे. एक दिवस श्रीराम म्हणाला, दादा, आपण जन्मभर हे कथील विकत घ्यायचं, ते येतं तरी कुठून? आणि निघाले की दोघं! पार पेराकला, इपोहजवळ, किंटा नदीच्या काठी. आधी दुसऱ्याच्या खाणीत राबले, मग स्वतःची काढली. कथलाची खाण काढणारे पहिले मराठी, असं अण्णा म्हणतात. पुढे श्रीराम खाणीतल्या पाण्यात बुडाला. त्र्यंबकांनी सगळं विकलं आणि बायको आणि चार वर्षांच्या अण्णांना घेऊन चिपळूण गाठलं. अण्णांना तिकडचं काही म्हणजे काही आठवत नाही. फक्त लाल पाणी.

“माझ्यानंतर कोण सांगणार हे?” जाताना विवेकला म्हणाले. ऐंशी वर्षांचा माणूस. मला एकदम वाईट वाटलं.

कांचनचं बाळ रडायला लागलं तेव्हा अण्णांनीच झोपवलं, नेहमीच्या त्या अगम्य गाण्यानं. ना मराठी, ना संस्कृत. माझ्या नवऱ्याला, प्रतापलाही लहानपणी तेच, आमच्या रुपालीलाही तेच. अण्णा म्हणतात, मीच रचलंय. कसलं रचलंय! पण बाळं झोपतात खरी.

९ ऑक्टोबर

मंडळाच्या न्यूजलेटरसाठी मी लिहिलेल्या अण्णांच्या माहितीत प्रतापने ‘कल्हईवाले’ खोडून ‘धातू-व्यावसायिक’ केलं. म्हणे इथे अमेरिकेत सगळे डॉक्टर-इंजिनियर. मी परत ‘कल्हईवाले’ करून विवेकला दिलं. तो दुसऱ्या गावांच्या मंडळांनाही पाठवतो. कळू दे सगळ्यांना!

१४ ऑक्टोबर, सोमवार

सर्वपित्री. श्रीरामकाकांचं श्राद्ध. बुडाल्याची तिथी कोणाला माहीत नाही, म्हणून अमावास्येला. आणि काकांच्या मागे कोणी नाही, म्हणून पुतण्याने करायचं. आधी त्र्यंबक करायचे, ते गेल्यापासून अण्णा करतात. एक वर्ष चुकवलेलं नाही.

मी खीर, वडे, आमसुलाची चटणी, सगळं साग्रसंगीत केलं. ऑफिसला दांडी मारून! पान डेकवर ठेवलं आणि अण्णा कोट, मफलर, कानटोपी घालून कावळ्याची वाट बघत बसले. कावळे समोरच्या झाडावर होते, पण त्यांना आमचं काही पडलेलं नव्हतं. शेवटी एक खार आली आणि वडा तोंडात धरून पळाली. रुपालीने विचारलं, “डझ इट काउंट?” अण्णांनी जरा विचार केला. म्हणाले, काका हट्टी होते, आले असतील वाटेल ते रूप घेऊन. मी आत जाऊन हसले.

२६ ऑक्टोबर, शनिवार

आज आमच्या घरी बंब आला! आगीचा!!

अण्णांना भाषणाआधी कल्हईचा सराव करायचा होता. म्हणजे नुसतं बोलणार नाही, करून दाखवणार. माझं पितळी पातेलं घेतलं, प्रतापचा बार्बेक्यू गॅरेजमध्ये पेटवला, ट्रंकेतून त्र्यंबकांच्या वेळचा कथलाचा तुकडा काढला. कल्हईला लागणारा नवसागर चिपळूणहून येतानाच आणला होता म्हणे – कशासाठी, ते विचारायचं नाही. पातेलं तापलं, नवसागर पडला आणि पांढऱ्या धुराचा जो लोट उठला! शेजारच्या ऑलसनबाईंनी ताबडतोब फोन केला.

दोन धिप्पाड जवान आत आले. प्रताप लाजून फ्रीजमागे. अण्णा मात्र जागचे हलले नाहीत. त्यांनी कथील टेकवलं, चिंधीने सर्रकन फिरवलं आणि काळंमिचकूट पातेलं आतून चंद्रासारखं झालं. रुपाली भराभरा सगळं इंग्लिशमधून सांगत होती. माझे पणजोबा हे काम करत करत खाणीपर्यंत गेले, असं सांगत होती! या मुलीने आजवर एकदा तरी ही गोष्ट ऐकल्याचं दाखवलं होतं का? जवान दहा मिनिटं बघत उभे राहिले. जाताना गॅरेज उघडं ठेवायला सांगून गेले.

मंडळात करून दाखवायला मी सक्त मनाई केलीय. नुसतं पातेलं दाखवायचं.

३ नोव्हेंबर, रविवार

ओहायोतल्या डब्लिनहून फोन. सरला नावाच्या बाई, वय सत्त्याहत्तर, डॉक्टर मुलाकडे राहतात. त्यांच्या मंडळात आमचं न्यूजलेटर पोचलं. बोलणं अस्सल चिपळूणचं, आमच्या घरात आता कोणी बोलत नाही तसलं. पण जन्म, लग्न, सगळं इपोहचं. त्यांनी मला आधी हेच विचारलं की अण्णांचा जन्म तिकडचा ना? मी हो म्हटलं. नक्की ना? अहो नक्की. मग म्हणाल्या, फोन त्यांना द्या.

अण्णा ऐकत राहिले. खाली बसले. फोन ठेवल्यावर म्हणाले, “काका बुडाले नाहीत. एक्कावन्न साली घरी, अंथरुणात गेले. ही त्यांची मुलगी.”

श्रीरामकाकांनी चिनी बाईशी लग्न केलं होतं. चिपळूणला हे कसं सांगायचं, म्हणून त्र्यंबकांनी त्यांना बुडवूनच टाकलं. खाण दोघांची होती, ती श्रीरामने पुढे तीस वर्षं चालवली. म्हणजे आमच्या गोष्टीतला अर्धा भाग थापा!

४ नोव्हेंबर

अण्णा धड जेवले नाहीत. “माझे वडील खोटं बोलले. आता मी स्टेजवर काय सांगू? विवेकला फोन कर, कॅन्सल कर.” मी हो म्हटलं. फोन केला नाही.

६ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी चहा करतेय तर अण्णांच्या खोलीतून आवाज. मला वाटलं ठसका लागला. बघते तर एकटेच हसतायत, डोळ्यांतून पाणी. म्हणाले, “शरयू, तो माणूस तिकडे मजेत खाण चालवतोय आणि आम्ही इकडे दरवर्षी त्याला पिंड देतोय! तरीच कावळा कधी वेळेवर आला नाही.” मग मीही बसले हसत. चहा उतू गेला.

दुपारी त्यांनी स्वतःहून डब्लिनला फोन लावला. मला सख्खी बहीण नाही, चुलत तर चुलत, भाऊबिजेला ये म्हणाले. प्रताप तिकिटाचं बघतोय. भाषणाचं मात्र अजून नक्की नाही म्हणतात.

१४ नोव्हेंबर, गुरुवार. भाऊबीज

सरलाआत्या काल आल्या. एवढ्याशा, गोऱ्यापान, नऊवारी आणि वर मुलाचं भलंमोठं जॅकेट. बर्फ बघून म्हणाल्या, काय हो हा पसारा! मला फार आवडल्या.

आज अण्णांना पाटावर बसवून ओवाळलं. ऐंशी वर्षांत पहिली ओवाळणी. अण्णांनी ताटात काय घातलं असेल? तो कथलाचा तुकडा! आत्यांनी तो ओळखला. म्हणाल्या, माझी आई नदीत कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून लाकडी परातीत वाळू चाळायची. कथील कुठे आहे ते तिला दिसायचं, या दोन भावांना नाही. खाण तिनेच दाखवली.

संध्याकाळी कांचन बाळाला आमच्याकडे सोडून बाजारात गेली. बाळ किंचाळायला लागलं. अण्णांनी मांडीवर घेतलं आणि नेहमीचं गाणं सुरू केलं. स्वयंपाकघरात आत्या माझ्याबरोबर करंज्यांचं ताट भरत होत्या. त्यांचा हात थांबला. बाहेर गेल्या, आणि अण्णा जिथे नेहमी थांबतात, गाणं संपलं म्हणून, तिथून पुढचं त्यांनी म्हटलं. सगळं. न अडखळता म्हटलं.

अण्णा त्यांच्याकडे बघतच राहिले. बाळ केव्हाच झोपलं होतं. आत्यांनी मला सांगितलं, त्याला घेऊन जा आणि दार लाव. मी लावलं.

१५ नोव्हेंबर

दोघं अजून बोलतायत. आम्हाला कोणी काही सांगत नाही. चहा तेवढा मागवतात.

१६ नोव्हेंबर, शनिवार

हॉल खच्चून भरला होता. अण्णांनी कागद खिशातून काढलाच नाही. पातेलं टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, “मी श्रीराम कल्हईवाल्याचा मुलगा. माझ्या आईचं नाव आ मोय, मी बाळांना म्हणतो ती अंगाई तिची. थोरल्या भावाला, त्र्यंबकाला मूल नव्हतं, म्हणून त्या दोघांनी मला चार वर्षांचा असताना त्याच्या ओटीत घातलं. हे मला परवा कळलं. ती पुढे बसलीय ती माझी सख्खी बहीण.”

येताना गाडीत मी विचारलं, अण्णा, आता पुढच्या वर्षी श्राद्धाचं कसं करायचं?

“कसं म्हणजे? श्रीरामाच्या नावाने मी देतोच आहे की,” म्हणाले. “मुलाच्या हातचंच मिळालं त्याला.”