पलीकडून धरणारा

२ फेब्रुवारी

बोटीचा पत्ता काय लिहायचा? आईनं आज फोनवर विचारलं. बोटदुरुस्तीच्या आवारातली मागची रांग, निळ्या पत्र्याच्या शेडशेजारी, लोखंडी टेकूंवर उभी, एवढं सांगितलं. त्यावर आई म्हणाली, म्हणजे पोस्टमन शिडी चढून येणार म्हण की. दोघी पोटभर हसलो.

हे लिहिते आहे ती माझ्या स्वतःच्या टेबलाशी बसून! ही मोटरयॉट मावशीच्या यजमानांची, म्हणजे काकांची. ते गेल्यापासून अशीच कोरड्यावर उभी आहे. मावशी म्हणाली, नीट करून पाण्यात सोडलीस तर तुझी, नाहीतर भंगारवाला नेईल, मला ती डोळ्यांसमोर नको. इथल्याच शाळेत नोकरी लागल्यावर मी हो म्हणायला वेळ लावला नाही. शाळा सकाळची असते. दुपारी बोट, आणि झोपायला शाळेचं वसतिगृह.

पुढे दोघींना पुरेल अशी झोपायची जागा आहे, मध्ये ओटा आणि टेबल. मागच्या डेकवर जमिनीत जाड झाकण आहे. त्याच्या खिट्ट्या बाहेरून लागतात. ते उघडून खाली उतरलं की इंजिनाची खोली.

आईनं जन्मभर दुसऱ्यांची घरं पुसली. आता तिच्या मालकिणीला तिला राहायला दिलेली खोली परत हवी आहे. याच महिन्यात. बोट पाण्यात उतरेल त्या दिवशी आई सामान घेऊन इथे येणार. आमच्या घरातली पहिली पदवी माझी. पुस्तकं वाचून पदवी मिळते, तर बोट का दुरुस्त होणार नाही?

५ फेब्रुवारी

एक सांधावं तर तेरा तुटतात. तळाचा जुना रंग खरवडायला घेतला, खाली फोड निघाले. फोड घासले, तर आतला थर ओला. पंपातलं रबरी चक्र बदलायला झाकण काढलं, स्क्रूचं डोकंच तुटून हातात आलं. तुटका स्क्रू काढायला ड्रिल आणलं, तर ड्रिलची वायर टेकूपर्यंत पोचत नाही.

शेजारच्या शेडमध्ये एक रंगारी आहे. तो दुसऱ्या बोटी रंगवतो, म्हणजे बहुतेक वेळ डबा उशाला घेऊन पडलेला असतो. माझ्या केसांत निळी भुकटी बघून म्हणाला, ताई, बोट रंगवताय की स्वतःला? मीही म्हटलं, दादा, निदान काहीतरी रंगवतेय. त्याला ते फार आवडलं. आता येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटलाय.

९ फेब्रुवारी

आज रडले. रागानं, दुःखानं नाही.

बोटीला पाण्यात ढकलणाऱ्या डाव्या-उजव्या पंख्यांचे दांडे ज्या ब्रॅकेटांवर तोललेले असतात, ती बोटीच्या तळाला बोल्टांनी धरलेली आहेत. जुने बोल्ट गंजले, नवे घालायचे. बोल्टचं डोकं बाहेर, बोटीखाली. नट आत, इंजिनाच्या खोलीत. आतून नट फिरवला की बाहेर बोल्टही गरगर फिरतो. एकानं बाहेर पक्कड धरायची, दुसऱ्यानं आत पाना फिरवायचा, असं हे दोन माणसांचं काम. पुस्तकात एक ओळ आहे: ‘मदतनिसाला बोल्ट धरण्यास सांगावे.’ मदतनीस कुठून आणावा, ते लिहिणारा विसरला.

मी पक्कड बोल्टवर आवळून बसवते. शिडी चढते, डेकवरून जाते, झाकणातून खाली उतरते, पोटावर झोपून नटाला पाना लावते. अर्धा फेरा होतो, आणि खाली ठण्ण! पक्कड जमिनीवर. पुन्हा वर, पुन्हा खाली. दुपारभर हेच.

रंगाऱ्याला विचारलं, दादा, जरा धरता का. तर म्हणे ब्रश ओला आहे. काल गुडघा दुखत होता. परवा म्हणाला होता, व्यायाम चांगला चाललाय ताई, मध्ये पडून मी का पाप घेऊ?

१२ फेब्रुवारी

एक बोल्ट बसला.

कसा ते लिहून ठेवते. पक्कड पुन्हा पडली होती. मी खाली येऊन ती बोल्टवर लावली आणि वैतागून तशीच धरून बसले. तेवढ्यात पक्कड हातात ओढली गेली. वरून कोणीतरी नट फिरवत होतं. मी दोन्ही हातांनी घट्ट धरलं. बोल्ट सावकाश वर खेचला गेला, कडेनं पाणी अडवणाऱ्या सीलंटची लगदी बाहेर आली, मग वरून दोनदा टकटक. झालं.

मला इतकं बरं वाटलं! अखेर दादांना दया आली म्हणायची. आभार मानायला वर गेले. इंजिनाच्या खोलीत कोणी नव्हतं. नट पक्का बसलेला, पाना शेजारी व्यवस्थित ठेवलेला. शेडमध्ये रंगारी तोंडावर वर्तमानपत्र घेऊन घोरत होता.

१३ फेब्रुवारी

शहाण्या माणसानं इथे पुन्हा पाय ठेवला नसता. मी दुसरा बोल्ट घातला.

खालून एकदा ठोकलं: धरलंय. वर पाना फिरू लागला. दोन टकटक: झालं. तिसरा. चौथा. डाव्या बाजूचं ब्रॅकेट एका दुपारी पूर्ण. आठवडाभर ज्यासाठी जीव टांगणीला लागला होता ते काम! वर बघायला गेले नाही. खरं सांगायचं तर बघायचं नव्हतं. ज्यानं अडल्या वेळी हात दिला त्याला तू कोण, हे कुठल्या तोंडानं विचारायचं?

क्रेनवाल्याकडे जाऊन तारीख ठरवली. पंचवीसची सकाळ, भरतीच्या वेळी. आईला कळवलं. तिनं मालकिणीला किल्ली द्यायचा दिवस सांगून टाकला.

१७ फेब्रुवारी

मावशीशी बोलले. काम झपाट्यानं चाललंय म्हटल्यावर तिनं विचारलं, एकटीच करतेस ना? मी थट्टेत म्हटलं, एक चांगला मदतनीस मिळालाय, आतून काम करतो, तोंडातून शब्द काढत नाही.

तिनं ते वाक्य मला पुन्हा म्हणायला लावलं.

मग म्हणाली, काका हेच सांगत होते. हेच शब्द. त्याआधी रोज घरात सगळ्यांच्या मागे लागायचे, एक मिनिट येऊन बोल्ट धरा गं कुणीतरी. कोणी गेलं नाही. मग एकदा खुशीत आले, म्हणाले आता तुमची गरज नाही, आतून करणारा भेटलाय. आठवड्यानं ते इंजिनाच्या खोलीत सापडले. खिट्ट्या बाहेरून लागलेल्या.

मी काही बोलणार तेवढ्यात ती म्हणाली, पुढचं ऐक. सापडले त्याच्या आदल्या संध्याकाळी ते घरी जेवायला आले होते. माझ्यासमोर बसले. न बोलता जेवले, हात धुतले, दार उघडून निघून गेले. आणि डॉक्टर म्हणाले, माणूस जाऊन तीन दिवस झालेत.

एवढं सगळं माहीत असून मला बोट दिलीस? मी ओरडलेच. ती रडायला लागली. म्हणाली, मला वाटलं मलाच वेड लागलंय. वेडी म्हणतील म्हणून कोणाला सांगितलं नाही बाई.

१८ फेब्रुवारी

गेले. नुसती बोटीखाली उभी राहिले. उजवीकडचे बोल्ट बाकी आहेत. आतून एकदा टक. थांबून पुन्हा टक. उत्तर दिलं नाही. निघेपर्यंत चालू होतं. रागावलेलं नाही, आर्जवी. तेच जास्त वाईट.

२१ फेब्रुवारी

सगळे नट सैल. डावीकडचे, पंपाचे, पाइपांच्या पट्ट्यांचेसुद्धा. तीन आठवड्यांचं काम! भीती वाटायला हवी होती, मला संताप आला. बोटीला लाथ मारली. अंगठा सुजलाय.

आईला सांगू का, येऊ नकोस? मग ती जाईल कुठे? मालकिणीनं नवी बाई ठेवलीसुद्धा. आईनं पडदे शिवलेत. खिडक्या गोल आहेत म्हटल्यावर पडदेही गोल शिवलेत.

२३ फेब्रुवारी

क्रेनवाल्याला म्हटलं, तारीख पुढे ढकला. तो म्हणाला, मग दोन महिन्यांनी या बाई, रांग लागलीय.

ठरवलं. आत मी जाणार. बाहेर जिवंत माणूस उभं करणार, झाकण सताड उघडं ठेवणार. रंगाऱ्याचे अक्षरशः पाय धरले. त्यालाही काय वाटलं कोण जाणे, म्हणाला, उठा ताई, परवा सकाळी धरतो, गुडघा गेला खड्ड्यात.

२५ फेब्रुवारी, सकाळ

इंजिनाच्या खोलीत. वहीत कामांवर खुणा करते आहे. फोन रंगाऱ्याच्या शेडमध्ये चार्जिंगला लावलाय. झाकण उघडं, वर आकाश दिसतंय. दादा खाली बोल्ट धरून आहेत, मोठ्यानं गाणं म्हणताहेत, बेसूर, पण किती बरं वाटतंय. डावी बाजू आवळून झाली. उजवीकडचे थोडेच राहिलेत. मी एकदा ठोकते, ते दोनदा ठोकतात. इतकं सोपं होतं हे! आई बसमध्ये बसली असेल.

त्याच दिवशी

शेवटचा बोल्ट होता. गाणं थांबलं होतं, माझ्या लक्षात आलं नाही. मी ठोकलं, खालून टकटक आली. पाना फिरवला. बोल्ट जागचा हलला नाही, इतका घट्ट धरलेला. आणि तेवढ्यात दादांचं हसणं ऐकू आलं. लांबून. क्रेनजवळून.

मग खाली बोल्ट कोणी—

वर बघितलं तोवर झाकण पडलं होतं. खिट्ट्या एकेक करून लागल्या. घाई नव्हती त्याला.

नंतर

ओरडले. हातोडीनं ठोकलं. मी ठोकलं की बाहेरून तस्संच ठोकणं येतं. दादा लांबून म्हणतात, चालू द्या ताई, चालू द्या!

मला त्यांचा शब्द न् शब्द ऐकू येतो. माझा त्यांना नाही.

टॉर्च आहे. मनगटावर नाडी बघितली. सापडली नाही. मला नाडी नीट बघता येत नाही, तसं असेल.

नंतर

आई आली.

पिशव्या खाली ठेवल्याचा आवाज. विचारतेय, माझी लेक कुठाय? दादा म्हणाले, ती काय, मागे दोरी धरून उभी.

आणि आई म्हणाली— हो की, दिसली. वाळलीय किती.

नंतर

पट्टे आवळले. बोट उचलली. सगळं झुलतंय.

माझ्या रूपात ज्याला आई बघतेय तो निघून जाईल. काका जेवून गेले तसा. मग आई इथे राहील, माझ्या डोक्यावर. पडदे लावेल. आता आतून काम करणारी मीच, न ठोकायचं कितीही ठरवलं तरी एक दिवस ठोकेन. मला माहीत आहे मी ठोकेन. आत्ताच हात शिवशिवताहेत. आणि ती उत्तर देईल, कोणी अडलं की धावायची तिला सवय—

म्हणून आता. ती चढायच्या आत.

नट आवळायला दोघं लागतात. पाइप उपटायला एकटी पुरे. तळातून पाणी आत घेणारे दोन्ही कॉक उघडलेत, पाइप खेचून काढलेत, कॉकचे दांडे हातोडीनं तोडलेत, पुन्हा बंद होऊ नयेत म्हणून. मोठ्या भोकातून खालचा धक्का दिसतोय, सरकतोय. आता पाणी.

बाहेरून एकदा टक. एकदाच. विचारल्यासारखं.

आई, मागे हो. तिथेच थांब, पाय उचलू नको, ही आता तरंगणार नाही, मी

पाणी आलं. थंड आहे, आणि किती भराभर—