लेकीनं पाठवलेली कॅप्सूल

आदरणीय बाबा,
मस्कतहून दर्शनाचा जय भीम.

फोनवर औषधाचा विषय काढला की तुम्ही फोन आईकडे देता, म्हणून लिहितेय. मी बरी आहे, जेवण वेळेवर होतं. झोपेचं विचारू नका.

कंपवातावर चांगली म्हणून मी ती अँटिऑक्सिडंटची कॅप्सूल पाठवली ना, तिच्याबद्दल इथल्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, एका मोठ्या चाचणीत निम्म्या पेशंटना ती आणि निम्म्यांना तशीच दिसणारी खोटी कॅप्सूल देऊन पाहिली. आजार दोघांचाही सारखाच वाढला. आणि मी दुकानदाराच्या बोलण्याला भुलले!

तेवढ्यावर भागलं असतं. पण आई सांगते, आता लेकीची कॅप्सूल आहे म्हणून तुम्ही गुहागरच्या डॉक्टरांची गोळी अर्धीच घेता. बाबा, असं कसं करता? परवा व्हिडिओत उजवा हात टॉवेलखाली का होता? पाखाडीच्या पायऱ्या अजून एकटेच उतरता का?

डॉक्टरांना खरं सांगा आणि ते म्हणतील तशी गोळी घ्या. मी पाठवली म्हणूनच कॅप्सूल एकही दिवस चुकवली नाहीत ना? मग डॉक्टरांची गोळीही मीच पाठवलीय असं समजा.

तुमचीच,
दर्शना