पहिली सब्बल

प्रिय कला,

अन् डांबराचं तर सांगायचंच राह्यलं तुले. मागच्या पत्रात खांबावरच्या बल्बचं लिहिलं होतं, तेव्हा रस्ता नुसता गिट्टीचा होता. आता आपली गल्ली अशी काळीभोर, गुळगुळीत झाली म्हणून सांगू! पहिल्या दिवशी मी तर चप्पल हातात घेऊनच चालली. कासार गल्ली कोणी म्हणत नाही आता, पाटी लागली 'जयहिंद मार्ग'. तुमच्यानंतर रंगराव लोहारबी घर विकून गेला. त्याच्या भट्टीच्या जागी रेडिओचं दुकान झालं. मले फार आवडते ते. कॉन्व्हेंटात सिस्टर प्रोग्रेस प्रोग्रेस म्हणायच्या ना, तो आपल्या बुलढाण्यात, आपल्या दारात आला! आई म्हणते, "तुले सारंच आवडते, मंग त्या रेडिओवाल्यालेच देऊन टाकू का तुले?"

पण कला, तेच डांबर आता माह्या लग्नाच्या आड आलं. परवा मांडव आहे. आपल्या घराले अंगण नाही, मांडव गल्लीतच पडते, अन् त्याची लाकडी मेढ जमिनीत गाडावी लागते. खड्डा खणायले पहिली सब्बल समोरच्या घरच्या माणसानं मारायची, मंग बाकीचे खड्डे. तुह्या ताईच्या वेळी माह्या बाबानं मारली होती, आठवते? तुमच्या घरात आता वकीलसाहेब राहतात. दाराले लोखंडी फाटक बसवलं, दिवसाबी कडी लावलेली. बाबानं रस्त्यावर चुन्यानं मेढीच्या जागा आखल्या. सकाळी पाहतो तं वकिलाच्या गड्यानं पाणी टाकून धुऊन काढल्या. बाबानं पुन्हा आखल्या, त्यानं पुन्हा धुतल्या. मंग नगरपालिकेचा शिपाई आला. म्हणे, "शंकरराव, रस्ता फोडला तं केस होईन. वकीलसाहेबानं तक्रार देली." बाबा म्हणे, "हा रस्ता माह्या पोरीपेक्षा मोठा झाला का रे?"

मी आपली मधात पडली. म्हटलं, तेलाचे रिकामे डबे आणू, माती भरू, त्यात मेढी उभ्या करू, रस्त्याले ओरखडाबी नाही. मले वाटलं काय आयडिया आहे! बाबा म्हणे, "डब्यात तुळस लावतात, मांडव नाही." शाळेच्या हॉलचं नाव काढलं तं ताटावरून उठूनच गेले. सब्बल दाराशी टेकवून ठेवली आहे. येता-जाता मी तिच्याकडेच पाहते. देऊळगाव राजाचे माह्या सासरचे पाहुणे गाडीतून उतरतीन अन् त्याच टायमाले पोलीस आले तं? हळदीच्या अंगानं बाबाले सोडवायले ठाण्यात जाऊ का मी?

आज दुपारी मात्र भलतंच झालं. वकिलीणबाई स्वतः फाटक उघडून आल्या. इतके दिवस खिडकीतूनच दिसायच्या. या गल्लीत त्यांना कोणी हळदीकुंकवालेबी बोलावलं नाही, मीबी नाही. उंबऱ्याबाहेरच उभ्या राह्यल्या अन् सरळ बाबाले म्हणाल्या, "पहिला मान समोरच्या घराचा असतो असं ऐकलं. समोरचं घर आता माझं आहे. सब्बल माझ्या हातात द्या. मग बघू, आमचे साहेब कुणावर केस करतात ते!" आईले हसूच आलं. बाबा हसले नाहीत. बाईच्या हाताकडे पाहत राह्यले, अन् म्हणाले, "विचारून सांगतो."

कोणाले विचारता, आईनं विचारलं. बाबा म्हणाले, "हिंमतरावले."

कला, तुम्ही भल्या पहाटे सामान भरून निघून गेल्ले, बाबाले ते दारावरच्या कुलुपावरून समजलं. तेव्हापासून त्याहीनं तुह्या बाबाचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. आज काढलं. मंग मले म्हणाले, "लिही." काय लिहू म्हटलं तं बाजूले येऊन बसले. आई म्हणते, मान घराचा असते, माणसं बदलली तरी घर तिथंच आहे. बाबा म्हणतात, मी भिंतीले मान देल्ला नव्हता. मले बाई आवडल्या ग. पण त्याहीनं सब्बल मारली तं तुह्या बाबाची जागा आमच्या दारातून कायमचीच जाईन, अन् नाही मारू देल्ली तं त्या पुन्हा कधी फाटक उघडतीन का? उद्या सकाळच्या बसनं मामा हे पत्र घेऊन तुमच्या मोताळ्याले येते, जवाब घेऊनच परत येईन. तुह्या बाबाले वाचून दाखवायच्या आधी तू एकटी वाच. तुहा जन्म त्या घरातला, माह्यं लग्न त्याच्यासमोर. तुले काय वाटते कला, पहिली सब्बल कोणाच्या हातात द्यावी?

तुझीच,
पुष्पा