जीपचा सायलेन्सर

बाबा, तुमच्या जीपचा सायलेन्सर मी घरीच काढला, घासला आणि रंगवला. तुम्हाला खरं वाटणार नाही. तुम्ही होता तेव्हा त्या गाडीच्या काचा पुसण्यापलीकडे मी काही केलं नव्हतं. तुम्ही गेल्यापासून ती अंगणात टिनाखाली उभी होती. मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या. आई तिकडे फक्त अंडी काढायला जायची, बसायला कधी नाही. या उन्हाळ्यात आदिलाबादचा एक जण गाडी पाहून गेला. आई म्हणाली, "देऊन टाक वं. उभी दिसली का जीव दुखते." सोमवारी घेऊन जातो, असं तो सांगून गेला होता. मी आईला म्हटलं, तोवर मला एकदा चालवून बघू दे. म्हटलं तेव्हाच कळलं की मला ती जाऊ द्यायची नाही.

मेकॅनिक इंजिन चालू करून गेला, पण सायलेन्सरला गंजाचे पापुद्रे सुटले होते. भोक पडलं नव्हतं, एवढंच बरं. नटांवर आदल्या दिवशी डिझेल सोडून ठेवलं. रविवारी सकाळी पाना लावला तर शेवटचा नट हलेना. शेवटी मी पान्यावर पाय देऊन उभी राहिले. तो सुटला तेव्हा मी धुळीत बसले होते आणि आई ओट्यावरून बघत होती. "काय करून राह्यली वं? एवढी शिकली आन लोखंड घासत बसली." तुम्हाला माहीत आहे, घरात मी कमीच बोलते. तारेचा ब्रश घेऊन घासत राहिले. लाल भुगा हातापायांवर, केसांत. बऱ्याच वेळानं ती पट्टी सुटली, जिनं सायलेन्सर खालून धरलेला असतो, आणि पट्टीखाली रंग निघाला. गंजाचा लाल नाही, भडक तेली लाल. मी आईला हाक मारली.

ती आली, वाकली, आणि बघतच राहिली. मग पदर तोंडाला लावून हसायला लागली. मला वाटलं रडते आहे. बाबा, तो पोळ्याचा रंग होता. जीप घरी आली त्या वर्षी बैलांची शिंगं रंगवून डबा उरला, तर तुम्ही जीपही सजवायची म्हणून तोच रंग सायलेन्सरला लावला होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपण तामसीकडे मामाच्या घरी निघालो. मी मागे, आई पुढे, तिच्या मांडीवर पुरणपोळ्यांचा डबा. नाला ओलांडून चढ लागतो आणि खालून काळा धूर येतो, जळका वास. तुम्ही गाडी थांबवायच्या आधीच आई उडी मारून कपाशीत उभी, डबा छातीशी धरून. तिथूनच ती ओरडते, "आवो, बैलाच्या शिंगातून धूर निघते काय? मंग हिच्या नळीले तो रंग काऊन फासला?" तुम्ही स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसत होता. "बैलानं तक्रार नाई केली कधी," असं म्हणालात. ती आणखी चिडली आणि पुढचा बराच रस्ता पायी चालली. तुम्ही तिच्या मागून हळूहळू जीप चालवत होता.

हे सगळं आईनंच मला अंगणात पुन्हा सांगितलं, आणि सांगता सांगता पॉलिश पेपर घेऊन खाली बसली. दुपारपर्यंत आम्ही दोघींनी घासलं. थिनरनं पुसून घेतलं. या वेळी रंग दुकानदाराला नीट विचारून आणला होता, उष्णता सोसणारा, काळा. पातळ पातळ हात दिले. वाळल्यावर सायलेन्सर बसवला आणि इंजिन चालू केलं. आता हा रंग तापूनच पक्का होतो, थोडा धूर येतो. हे मी आईला सांगायला विसरले. ती बादली घेऊन धावली. "पेटली वं पुन्यांदा!" मी तिचा हात धरला. "आई, ओतू नको, भाजून राह्यला तो." मग आम्ही दोघी बादलीजवळ उभ्या राहिलो. धूर विरळ होत गेला आणि थांबला. आवाज तुमच्या वेळचाच, जरा घोगरा. आई किती तरी वेळ ऐकत होती.

सोमवारी तो माणूस आला. मी तोंड उघडायच्या आधी आई फाटकात गेली आणि तिच्या हिंदीत म्हणाली, "गाडी नहीं देना है भैया. घर में लगती है." तो गेल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाली, "चाल, नाल्यापर्यंत नेऊन आण."

ती पुढे बसली. मी नाल्यापर्यंत नेली, मग नाल्यातून पलीकडे, चढावरून वर, पुढच्या गावाला वळसा घालून पक्क्या रस्त्यानं घरी. उतरताना ती म्हणाली, "तुया बापावानीच लांबून आणलं वं मले." खूश होती. उद्या बेल्याच्या बाजाराला जायचं म्हणते.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून तुम्हाला सांगते, तिला सांगितलेलं नाही. मला नाल्यावरूनच परत यायचं होतं. पण मला अजून रिव्हर्स घेता येत नाही.